माक्याला तण म्हणू नका!

परवा सकाळी सोसायटीच्या माळ्याने नळाशेजारचा माका उपटला. मी गॅलरीतून हाक मारेपर्यंत सगळा पाटीत! "आजी, गवत आहे ते," म्हणाला. त्याची काय चूक? त्याला तसं सांगणारी कमिटी वेगळीच आहे.

मंडळी, माका ओळखता ना? पाटाच्या कडेला, भातखाचरात, जिथे पाणी झिरपतं तिथे उगवतो. खरखरीत पानं, बटणाएवढी पांढरी फुलं. पान चुरडलं की रस थोड्या वेळात काळा पडतो. हाच तो भृंगराज! ह्याच्या तेलाची बाटली कमिटीतल्या निम्म्या घरांत असेल. गणपतीच्या एकवीस पत्रींतही माका आहे. म्हणजे भाद्रपदात पैसे मोजून आणायचा आणि दारातला उपटायचा!

बरं, त्या जागी लावलं काय? तर वेडेलिया. पिवळी फुलं, चकचकीत पानं, बारा महिने हिरवी. माक्याच्याच कुळातली, पण मूळची उष्ण अमेरिकेतली, आणि जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत नाव असलेली. परदेशी म्हणून माझा राग नाही हो, मिरची आणि बटाटा तरी कुठले आपले? पण ही पेऱ्यापेऱ्याला मुळं धरत जमीन झाकून टाकते आणि दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. छाटून ओढ्यात फेकलेला तुकडाही तिथे रुजतो. म्हणजे पुन्हा माक्याच्याच जागेवर!

भाचा म्हणतो, "मावशी, माका काही दुर्मीळ नाही, एवढं काय त्यात?" नाही दुर्मीळ, कबूल. भाताच्या खाचरात शेतकरी तो उपटतो तेही बरोबर, तिथे तो तणच. पण आमच्या नळाशेजारी कोणतं पीक बुडत होतं? माझ्या लहानपणी माका आणायला ज्या ओढ्यावर जायचो, तो आता पाइपात आहे आणि वर पेव्हर ब्लॉक. तिथे माका नाही. मग ओल उरली कुठे? गळक्या नळापाशी!

पाटीतल्या दोन काड्या मी उचलून आणल्या. फुटक्या बादलीत साधी माती, खत नाही, फक्त ओल सतत राखायची. आठ दिवसांत पालवी आली.

रविवारी मीटिंग आहे. बादली घेऊनच जाणार आहे. सून म्हणते, "आई, जरा हळू बोला." बघू.