गडावरच्या तोफा

गेल्या आषाढांतील गोष्ट. बाहेर आमच्या कोल्हापुरचा पाऊस दोन दिवस विश्रांति न घेतां कोसळत होता. दिवेलागण झाली, शुभंकरोति आटोपलें, आणि आमचे बारा वर्षांचे नातू सोप्यावरच्या झोपाळ्यावर मोबाइल घेऊन बसले. शाळेचा अभ्यास राहिला असावा अशा शंकेनें आम्ही दोन कडक शब्द सुनावण्यासाठीं त्यांच्याजवळ गेलों, तों पडद्यावर तरवारींचा खणखणाट चाललेला! कोणती तरी चिनी मालिका होती; पात्रें हिंदी बोलत होतीं. छातींत बाण रुतलेला एक खड्गधारी आपल्या धन्याच्या मुलाला घोड्यावर बसवून देतो, घोड्याला पिटाळतो आणि स्वतः एका लांकडी पुलाच्या तोंडाशीं पाय रोवून उभा राहतो. वारावर वार पडतात. तो गुडघ्यावर येतो, तरवारीचा आधार घेऊन पुन्हां उठतो, आणि घोडा दिसेनासा झाल्यावरच पडतो. रागें भरण्याचें विसरून आम्ही शेवटपर्यंत तेथेंच बसलों, हें वाचकांपाशीं कबूल करण्यास हरकत नाहीं.

मालिका संपली. नातवाचे डोळे ओले झाले होते. त्यानें दोन प्रश्न विचारले. "आजोबा, तो पळून का नाहीं गेला?" हा पहिला. आणि दुसरा, "त्या मुलानें एकदांसुद्धां मागें वळून पाहिलें नाहीं, असें कसें?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही पस्तीस वर्षें शाळेंत देत आलों आहों. दुसरा मात्र आम्हांस आजवर कोणीं विचारला नव्हता. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठीं आहे.

चिनी लोकांना असल्या कथांचें वेड आजकालचें नाहीं. त्यांचा महान् इतिहासकार सिमा चिएन हा ख्रिस्तपूर्व काळांत होऊन गेला. त्याच्या इतिहासांत यू रांग नांवाच्या एका सेवकाची हकीकत आहे. त्याचा धनी युद्धांत मारला गेला. सूड घेण्यासाठीं यू रांगनें अंगाला लाख फांसून कातडी विद्रूप करून घेतली आणि कोळसा गिळून आवाज घोगरा केला. दोनदां प्रयत्न फसल्यावर तो शत्रूच्या हातीं सांपडला. "यापूर्वीं तूं दुसऱ्यांची चाकरी केलीस, त्यांच्यासाठीं तर तूं असें कांहीं केलें नाहींस?" असें त्यास विचारलें गेलें. त्यानें दिलेल्या उत्तराचा आशय असा, कीं त्या धन्यांनीं मला चारचौघांसारखा वागविला, म्हणून मीहि चारचौघांसारखा वागलों. यानें मात्र माझी योग्यता ओळखली. निष्ठा ही अन्नाच्या मोबदल्यांत मिळत नाहीं, ओळखीच्या मोबदल्यांत मिळते, हें त्या परदेशस्थ सेवकानें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं सांगून ठेवलें आहे.

परंतु त्यासाठीं चीनपर्यंत जाण्याचें आम्हां करवीरवासीयांस काय कारण? आमच्या गच्चीवरून पाऊस उघडल्यावर वायव्येस पन्हाळगड दिसतो. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत तो आहे. नातवाला आम्हीं दुसरे दिवशीं त्या गडावर नेलें आणि बाजीप्रभु देशपांड्यांच्या पुतळ्यासमोर उभें करून ती हकीकत नव्यानें सांगितली.

१६५९ च्या नोव्हेंबरांत अफझलखानाचा वध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा महाराजांनीं घेतला. पुढच्या मार्चांत विजापूरच्या सिद्दी जौहरानें गडास वेढा घातला. त्याच सुमारास शाइस्तेखान मोंगली फौजेनिशीं पुणें प्रांतांत उतरला होता आणि जूनपासून चाकणचा किल्ला त्यानें वेढला होता. राजापूरच्या वखारींतील हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रजहि जौहराच्या मदतीस तोफा घेऊन आला. वेढा सुमारें चार महिने चालला. पाऊस आला तरी तो ढिला होईना. स्वराज्याचा धनी एका गडावर कोंडलेला आणि मुलुखावर दोन बाजूंनीं चाल झालेली, असा तो बिकट प्रसंग होता.

आषाढ पौर्णिमेच्या रात्रीं, म्हणजे १२ जुलै १६६० रोजीं, महाराज पालखींतून निसटले. बरोबर सुमारें सहाशें बांदल मावळे होते, असें परंपरा सांगते. शत्रूची फसगत व्हावी म्हणून दुसऱ्या पालखींत शिवा काशीद बसला. हा जातीचा न्हावी, महाराजांसारखा दिसणारा. तो पकडला गेला आणि मारला गेला. सोंग उघडकीस आल्यावर सिद्दी मसूदानें पाठलाग सुरू केला. विशाळगड पन्हाळ्यापासून डोंगरवाटेनें वीस कोसांच्या घरांत. वाट चिखलाची, रान किर्र. प्रतिपदेस गजापूरजवळच्या घोडखिंडींत बाजीप्रभु निम्मे लोक घेऊन थांबले आणि महाराज पुढें गेले. गडावर पोंचतांच तोफांचे बार करावे, तोंवर खिंड सोडावयाची नाहीं, असा संकेत ठरल्याचें आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलें आहे. पुढील कांहीं प्रहर काय झालें हें आम्ही वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. बाजींचे वडील बंधु फुलाजी तेथेंच पडले, बाजी पडले आणि बहुतेक मावळे पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

हे बाजीप्रभु कोण? हिरडस मावळच्या बांदल देशमुखांचे कारभारी. ते प्रथम बांदलांच्या बाजूनें महाराजांच्या विरुद्ध लढले होते, असें सांगतात. हरलेल्या पक्षाच्या या माणसाची योग्यता महाराजांनीं ओळखली आणि त्यास आपलेंसें केलें. यू रांगनें जें सांगितलें, त्याचाच हा पडताळा नव्हे काय?

येथवर पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. "मग महाराजांनींहि मागें वळून पाहिलें नाहीं का?" नातवानें पुन्हां दुसरा प्रश्न काढला.

या प्रश्नापाशीं आम्हीं आयुष्यभर मुलांना घाईनें पुढें नेलें, असें आतां वाटतें. खिंडींतल्या माणसाचें काम आम्ही रंगवून सांगत होतों. पुढें गेलेल्या माणसाचें काम एका वाक्यांत उरकत होतों. वास्तविक महाराज पुढें गेले तेव्हां त्यांची वाट मोकळी नव्हती. विशाळगडाच्या पायथ्याशीं शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी यांचा वेढा पडला होता. रात्रभर चालून थकलेल्या तीनशें माणसांनिशीं तो फोडून गडावर चढावयाचें होतें. मागें वळून पाहण्यांत जो वेळ जाता, तो खिंडींत कोणाच्या तरी रक्तानें भरून द्यावा लागता. पुढें गेलेल्यानें मागें पाहूं नये, हें खरें; परंतु त्याच्यावर एक ऋण असतें. पोंचल्याबरोबर, क्षणाचाहि विलंब न करतां, त्यानें तोफा डागावयाच्या असतात. 'मी पोंचलों, तुझें काम झालें, आतां तरवार खालीं ठेव,' हें सांगण्याचा अधिकार जगांत फक्त त्या एकालाच असतो. तो बोलला नाहीं, तर खिंडींतला माणूस विनाकारण लढत राहतो.

समकालीन नोंदी फार त्रोटक आहेत. जेधे शकावलींत या साऱ्या प्रसंगाला दोनचार ओळींपलीकडे जागा नाहीं. तोफांचा संकेत लोकपरंपरेनेंच सांभाळून ठेवला आहे. परंतु लोकांनीं नेमका तोच तपशील शतकानुशतकें जपावा, यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. बाजी धन्यासाठीं मेला एवढेंच सांगून लोकांचें समाधान झालें नाहीं. धन्याचा शब्द त्याच्या कानावर पडला आणि मग त्यानें डोळे मिटले, हें त्यांना सांगावयाचें होतें. शिवा काशीदासाठीं मात्र कोणतीच तोफ ठरलेली नव्हती. म्हणून त्याचें स्मरण आपण अंमळ अधिक केलें पाहिजे.

महाराजांनीं पुढें आपल्याकडचें देणें कसें फेडलें, तेंहि पाहण्याजोगें आहे. स्वराज्यांत मानाचें पहिलें पान जेध्यांचें होतें. या युद्धानंतर तें बांदलांस देण्यांत आलें आणि कान्होजी जेध्यांनीं त्यास संमति दिली, अशी हकीकत जेधे घराण्याच्या करीन्यावरून सांगतात. स्वतःचा मान दुसऱ्याच्या रक्तापुढें सोडून देणारे कान्होजीहि आमच्या मतें तितकेच थोर!

याउलट धन्याच्या शब्दानें काय होऊं शकतें, याचें उदाहरणहि आमच्याच जिल्ह्यांत आहे. गडहिंग्लज तालुक्यांत नेसरी म्हणून गांव आहे. उमराणीच्या लढाईंत हातीं आलेला बहलोलखान सरसेनापति प्रतापराव गुजरांनीं सोडून दिला, याबद्दल महाराजांनीं त्यांस कडक शब्द लिहिले. ते शब्द प्रतापरावांच्या काळजांत इतके रुतले, कीं २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं अवघ्या सहा स्वारांसह ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातहि जण कामास आले. तो पराक्रम दिव्य होता, परंतु त्यानें खान अडला नाहीं. राज्याभिषेक अवघ्या सव्वातीन महिन्यांवर आला असतां सेनापति गेला. महाराजांनीं पुढें प्रतापरावांची कन्या आपल्या धाकट्या चिरंजीवांस, राजारामांस, केली. निष्ठावंताच्या कानीं वडीलधाऱ्याचा शब्द किती खोल जातो, हें नेसरीस गेल्यावर कळतें.

आतां या तोफा आमच्या घरांत कशा शिरल्या, तें सांगतों.

आम्ही दहा वर्षांचे असतांना वडील वारले. थोरले बंधु अण्णा तेव्हां सोळा वर्षांचे. त्यांनीं शाळा सोडली आणि शाहूपुरींत गुळाच्या एका अडत दुकानांत दिवाणजीकी धरली. त्यांच्या पगारावर आम्ही मॅट्रिक झालों, शास्त्रीबुवांपाशीं संस्कृत शिकलों आणि मास्तर झालों. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठीं घर गहाण पडलें. तें कर्ज फेडण्यासाठीं अण्णांनीं दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या वह्या रात्रीं लिहिण्याचें काम पत्करलें. दिवसभर एक दुकान, रात्रीं दुसरें. दर महिन्यास तो पगार ते आईच्या हातीं देत, आई आमच्याकडे देई, आणि आम्ही हप्ता भरीत असूं.

पुढें आम्हांस भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम मिळाली. ती भरून आम्ही उरलेलें कर्ज एकदम फेडून टाकलें. घर मोकळें झालें. त्या दिवशीं आम्हांस फार अभिमान वाटला. परंतु अण्णांना सांगावयाचें राहून गेलें! आईला वाटलें, आम्ही सांगितलें. आम्हांस वाटलें, आईनें सांगितलें असेल. अण्णा रात्रींचा पगार आणून देत राहिले. तो घरखर्चांत जिरत राहिला. असे आठ महिने गेले. अण्णांच्या डोळ्यांना तेव्हां त्रास सुरू झाला होता. वही नाकाशीं धरून ते लिहीत. एके दिवशीं जेवतांना ते सहज म्हणाले, "अजून दोन वर्षें रेटलें पाहिजे. घर सोडवल्यावर मग बघूं डोळ्यांचें." आमच्या हातांतला घांस हातांतच राहिला.

सगळें सांगितल्यावर अण्णा रागावले नाहींत. भातावर ताक घेतलें, कालवलें आणि म्हणाले, "बरें झालें. सांगायचें होतेंस मात्र."

अण्णा आज नाहींत. त्यानंतर बावीस वर्षें आम्ही एका घरांत राहिलों. हा विषय त्यांनीं पुन्हां कधीं काढला नाहीं आणि आम्हांसहि धीर झाला नाहीं. गड आम्ही गांठला होता. तोफांना बत्ती द्यावयास विसरलों, आणि तोंवर खिंडींत एक माणूस आठ महिने उभा राहिला.

सुज्ञ वाचकहो, एकत्र कुटुंब म्हणजे अशा खिंडींची वाटच आहे. प्रत्येक घरांत कोणी तरी मागें थांबतें, म्हणून कोणी तरी पुढें जातें. कोठें शिक्षण सोडलेला थोरला भाऊ असतो, कोठें सासूच्या अंथरुणापाशीं वर्षें काढलेली सून असते, कोठें धाकट्यांच्या पायीं स्वतःचें लग्न लांबवलेली बहीण असते. त्यांच्या त्यागाचे गोडवे आपण त्यांच्या माघारीं चारचौघांत गातों. त्यांना हवे असतात दोनच शब्द, आणि तेहि वेळेवर: 'आम्ही पोंचलों. आतां तूं बस.' ते शब्द दुसऱ्या कोणी सांगितले असतील, अशा समजुतींत कृपा करून राहूं नये.

नातवास आम्हीं ही अण्णांची गोष्ट पन्हाळ्यावरून परततांना एसटींत सांगितली. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. घरीं आल्यावर पायसुद्धां न धुतां तो सरळ स्वयंपाकघरांत गेला. सूनबाई सकाळपासून त्याच्या मळलेल्या गणवेशाच्या आणि डब्याच्या मागें होत्या. "आई, उद्यां डबा मी भरतों, तूं बस," असें तो म्हणाल्याचें आम्हीं सोप्यावरून ऐकलें. दुसरे दिवशीं डब्यांत भाजी सांडली होती आणि पोळी विसरली होती, असें कळतें. असो. आवाज पोंचला, एवढें पुरे.