तोल जमला म्हणजे स्कूटर आली असे नव्हे!

मैत्रिणींनो, मुलांची शाळा, भाजी, बँक, सासूबाईंचा दवाखाना या धावपळीत हाताशी स्कूटर असणे ही आता चैन राहिलेली नाही. पण आपलं शिकणं कसं होतं पाहा. यजमान रविवारी मैदानावर नेतात, मागून धरून चार फेऱ्या मारून घेतात. आठ दिवसांत तोल जमतो आणि सोमवारी आपण मुलाला पुढे उभं करून भर रस्त्यात! तोल ही निम्मी विद्यासुद्धा नव्हे.

प्रथम लायसन्सचे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. आणि हे नीट लक्षात ठेवा, या काळात शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही गाडीवर घ्यायची परवानगी नाही. आपल्या मुलालाही नाही! "शाळा तर दोन गल्ल्यांवर आहे" ही सबब कायद्याला चालत नाही, मग अपघाताला कुठून चालणार?

आता ब्रेक. बिनगिअरच्या स्कूटरला उजव्या हाताशी पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताशी मागचा. घाबरलं की पुष्कळजणी दोन्ही पाय जमिनीला घासतात किंवा ब्रेक दाबता दाबता उजवी मूठ पिळतात. मग गाडी थांबायच्या ऐवजी उसळते. म्हणून आधी मूठ सोडावी, मग दोन्ही ब्रेक एकदम, दाब हळूहळू वाढवत लावावेत. पाय टेकवायचा तो गाडी थांबतानाच. मैदानात एक वीट ठेवून तिच्या अलीकडे थांबण्याचा सराव रोज वीस वेळा करा. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. आपण दचकून ब्रेक शोधेपर्यंत एका एस.टी.एवढे अंतर संपलेले असते! वाळूवर आणि पहिल्या पावसात तर ब्रेक करकचून लावूच नये, वेग आधीच कमी करावा.

उजवीकडे वळताना क्रम असा: आरसा पाहणे, इंडिकेटर देणे, खांद्यावरून एकवार मागे बघणे, मग हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे सरकणे. समोरून येणारी वाहने जाऊ द्या, मगच वळा. डाव्या कडेवरून एकदम उजवीकडे घुसू नका. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करायला मात्र विसरू नका.

ट्रक किंवा बसच्या डाव्या अंगाने पुढे जाण्याचा मोह टाळा. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असे समजा.

निघण्यापूर्वी पदर घट्ट खोचा, ओढणी मागे गाठ मारून बांधा. ती चाकात गेली तर गळ्याशी बेतते. हेल्मेट आयएसआय मार्कचे घ्या आणि पट्टा लावा. पुढे पक्के लायसन्स मिळून मूल मागे बसू लागले की, चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट हवेच.

परीक्षेला आठचा आकडा काढायला लावतात. "एजंटाला सांगू, सगळं होईल," असं कुणी म्हणेल. ऐकू नका. त्याने कार्ड मिळेल, पण हात बसणार नाही. महिनाभर जास्त लागला तरी चालेल, घरची माणसं तेवढे दिवस पायी जातील. नीट शिका आणि मग खुशाल कुठेही जा!