स्वस्तातला पाईप टिकवायचा असेल तर



तवा, छत्री, गॅसची शेगडी अशा कितीतरी वस्तूंच्या निगेबद्दल या सदरात लिहून झालं. या खेपेला मात्र जरा निराळंच पत्र आलं आहे. एक मैत्रीण लिहिते, “मामंजी निवृत्त झाल्यापासून पाईप ओढतात. स्वस्तातला आणतात, दोन-तीन महिन्यांत तो आतून जळतो, नाहीतर दांड्याशी मोडतो. मग पुन्हा नवा. त्यापेक्षा एकच महागाचा घेऊन टाकावा का? शिवाय तो साफ करायचं कामही आता माझ्याकडेच आलंय. घरात दोन वर्षांचं मूल आहे.”

पत्रात प्रश्न दोन आहेत, एक पैशाचा आणि एक मुलाचा. आधी पैशाचा पाहू.

महागाचे पाईप बहुधा ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी कठीण गाठ येते, ते हे लाकूड. ते आच चांगली सोसतं. स्वस्तातले पाईप शिसवीसारख्या साध्या लाकडाचे असतात आणि ते लवकर जळतात. पण स्वस्त म्हणजे टाकाऊच, असं मुळीच नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन या गावी १८६९ पासून चक्क मक्याच्या कणसाचे पाईप बनतात. दाणे काढल्यावर उरतं ना, त्या कणसाचे! जनरल मॅकआर्थर यांच्या फोटोत दिसतो तो पाईप याच जातीचा. पाईप मरतो तो जास्त आचेने आणि आत राहिलेल्या ओलीने. या दोन्ही गोष्टी सांभाळल्या की साधा पाईपसुद्धा पुष्कळ टिकतो.

बिडाचा नवा तवा आपण पहिल्याच दिवशी रणरणत्या आचेवर ठेवत नाही. तसंच इथेही. नव्या पाईपची वाटी पहिले काही दिवस एक तृतीयांशच भरायची, मग अर्धी, मग पूर्ण. त्यामुळे आतून कोळशाचा पातळ थर धरतो आणि तोच लाकडाला जळण्यापासून वाचवतो. मात्र हा थर एक-दीड मिलिमीटरहून जाड होऊ देऊ नये. तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि वाटीला तडा जातो. जास्तीचा थर बोथट सुरीने हलक्या हाताने खरवडावा. टोकदार सुरी नको, वाटीच्या तळाला भोक पडायचं!

ओढायचं तेही सावकाश. वाटी हातात धरवेना इतकी तापली, तर पाईप खाली ठेवावा आणि निवू द्यावा.

पाईप गरम असताना तोंडातली नळी कधीही उपसू नये. लाकूड फुगलेलं असतं आणि नेमका तिथेच दांडा मोडतो. पत्रातल्या मामंजींचे पाईप दांड्याशी मोडतात, त्याचं कारण बहुतेक हेच असावं. पूर्ण निवल्यावर एकाच दिशेने हळूच फिरवत नळी काढावी. घट्ट बसत असेल तर तिच्या खुंटीवर पेन्सिलीचं शिसं घासावं. राख काढायला पाईप ओट्यावर किंवा कठड्यावर आपटू नये, छोट्या चमच्याने काढावी.

मग पाईप साफ करायची सुती केसाळ तार नळीतून फिरवावी आणि एक तार रात्रभर आतच राहू द्यावी, ती ओल शोषून घेते. त्यानंतर पाईपला निदान एक दिवस विश्रांती हवी. रोज ओढायचा असेल तर एका महागड्या पाईपऐवजी दोन स्वस्त पाईप आलटून पालटून वापरलेले बरे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

लाकडी वाटी साबणाच्या पाण्यात बुडवू नये. कणसाच्या पाईपला तर पाणी लागूच देऊ नये. नळी तेवढी वेगळी काढून गार पाण्याने धुवावी. काळ्या कडक रबराची नळी उन्हात राहिली की हिरवट पडते आणि कडू लागते, म्हणून पाईप उजेडात ठेवू नये. आणि एक लक्षात ठेवा, दिव्यात घालायचं निळं स्पिरिट सफाईला मुळीच वापरायचं नाही. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं आणि ही वस्तू तोंडात जाणारी आहे.

आता मुलाचा प्रश्न, आणि माझ्या मते मोठा तोच आहे.

वापरलेल्या तारेत आणि तंबाखूत निकोटिन असतं. ओल्या तंबाखूतून ते कातडीवाटेही अंगात भिनतं. लहान मुलाने तंबाखू तोंडात घातली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डबा, पाईप आणि तारा कुलपात. राख केराच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकू नये. पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी घालून त्यात टाकावी. ओढायचं ते घराबाहेर, दार लावून. खिडकी उघडी ठेवली म्हणून खोलीतला धूर मुलाच्या छातीत जायचा राहत नाही.

आणि सफाईचं काम ज्याचा पाईप त्याचं. सासऱ्यांना हे कसं सांगायचं, असं तुमच्या मनात येईल. यात भांडण नको आणि उपकाराची भाषाही नको. “मामंजी, पाईप कसा टिकवायचा ते वाचलंय, तुम्हाला दाखवू का?” एवढं म्हणावं. एक ताटली, तारा आणि चमचा त्यांच्या हाती द्यावा. निवृत्त माणसाला असा हातचा उद्योग आवडतोही. दिवसाआड एक पाईप सुकत ठेवायचा म्हटलं, की ओढणंही जरा कमी होण्याचा संभव आहे.

मात्र नीट राखलेला पाईप निरुपद्रवी होतो, असं कुणी समजू नये. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून अपाय नाही, हा गैरसमज आहे. ओठ, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका त्यात असतोच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण असला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. त्यांच्या मनात सोडायचं आलंच, तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. हा नंबर एका कागदावर लिहून तंबाखूच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. वाचायचा की नाही ते त्यांचं ते ठरवतील.