कोणाचा धागा लांब?

मुलांनो, मोजपट्टी घ्या आणि भिंतीवर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर एक खूण करा. बाबांच्याही डोक्यावरून गेली ना? आता गंमत ऐका. तुमच्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएचे ४६ धागे असतात. ते एकापुढे एक जोडले, तर जमिनीपासून त्या खुणेपर्यंत पोचतील! आणि हे सगळं मावतं कुठं? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात! रिळावर दोरा गुंडाळावा तसा हा धागा प्रथिनांच्या इवल्या इवल्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो.

डीएनए म्हणजे शरीर घडवण्याच्या सूचना. मग माणूस सगळ्यांत हुशार, म्हणून त्याचाच धागा सगळ्यांत लांब, असं तुम्ही म्हणाल. बघू या हं!

कोंबडीच्या पेशीत डीएनए भरतो सुमारे ७० सेंटिमीटर. जपानजवळच्या समुद्रातल्या फुगू माशाचा तर तुमच्या फूटपट्टीपेक्षाही थोडा कमी. इथवर ठीक. पण दक्षिण अमेरिकेतल्या दलदलीत एक फुफ्फुसमासा राहतो. पाणी आटलं की हा पठ्ठ्या चिखलात बीळ करतो आणि चक्क हवेतून श्वास घेतो. त्याच्या डीएनएचं वाचन २०२४ साली प्रसिद्ध झालं. त्या हिशेबानं एका पेशीतली लांबी होते सुमारे ६० मीटर. आपल्या तीसपट!

मग हा मासा आपल्यापेक्षा तीसपट हुशार का? छे! प्रथिनं बनवण्याच्या सूचना, म्हणजे जनुकं, त्याच्याकडेही आपल्यासारखीच २० हजारांच्या आसपास. बाकीचा बराचसा धागा आहे स्वतःच्याच नकला करून इकडेतिकडे जाऊन बसणाऱ्या तुकड्यांचा. असे उड्या मारणारे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन बाईंनी १९४०च्या दशकात मक्यात शोधले. तेव्हा ते फारसं कुणाला पटलं नाही. १९८३ साली मात्र त्याच शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपणही काही वेगळे नाही बरं का! आपल्या धाग्यातही असे तुकडे भरपूर आहेत. प्रथिनांच्या सूचना शेकडा दोन भागसुद्धा नाहीत. वही जाड असली म्हणून अभ्यास जास्त झाला, असं थोडंच असतं?

आता आईला विचारा, "कांद्याच्या पेशीत डीएनए आपल्यापेक्षा जास्त की कमी?" उत्तर तुम्हीच सांगा : सुमारे पाचपट जास्त!