प्रार्थना कर, पण गप्प बस?

८ मार्चच्या भाषणांत बुलढाण्याची माणसे ताराबाई शिंद्यांचे नाव अभिमानाने घेतात. घ्यायलाच हवे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली, पण ‘पुणे वैभव’सारखी पत्रे तेवढ्या निमित्ताने समस्त बायकांच्या चारित्र्यावर घसरली. त्याला उत्तर पुण्या-मुंबईच्या कोणा विदुषीने दिले नाही. ते बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिले. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ निघाले, प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुधारक म्हणवणाऱ्यांतही नाराजी उमटली. ताराबाईंची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी, १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये.

त्याच ‘सत्सार’मध्ये जोतीरावांनी आणखी एका बाईची बाजू घेतली होती. पंडिता रमाबाईंची. हे मात्र भाषणात येत नाही!

का येत नाही? कारण रमाबाई ख्रिस्ती झाल्या. मैत्रिणींनो, खरे बोलायचे तर आपल्या चळवळीलाही त्यांची अडचण होते. हंटर कमिशनपुढे साक्ष देणाऱ्या, आर्य महिला समाज काढणाऱ्या, विधवांसाठी शारदा सदन उघडणाऱ्या रमाबाई आपल्याला हव्या असतात. बायबल हातात घेतलेल्या रमाबाई आपण हळूच वगळतो, जणू तो त्यांच्या आयुष्यातला एक खासगी आजार होता. आणि चर्चमध्ये? तिथे त्या सेवाभावी, सोशिक, सदा गुडघे टेकलेल्या संत होतात. त्यांचे भांडण तिथे वगळले जाते. दोन्हीकडे कात्री तीच, कापलेला तुकडा तेवढा वेगळा.

भांडण साधेसुधे नव्हते. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवख्या ख्रिस्ती बाईने आता गुरूंचे ऐकावे, अशी तिथल्या सिस्टरांची अपेक्षा. रमाबाईंनी उलट सुनावले की, आपल्याकडच्या पुरोहितांचे जोखड नुकते उतरवून मी इथे आले आहे, ते तसलेच दुसरे चढवून घ्यायला नव्हे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही विचारले. त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवावे असा बेत निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला: बाईने पुरुषांना शिकवायचे म्हणजे काय! यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. श्रद्धा माझी, पवित्र शास्त्र मी वाचणार, आणि माझ्या विवेकाला देवाशिवाय दुसरा मालक नाही, हे त्यांनी आश्रयदात्यांच्या घरात राहून, त्यांचे अन्न खात असताना सांगितले. परक्याला खरे सुनावणे त्या मानाने सोपे असते.

१८९७ च्या प्लेगात पुण्याच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची काय अवस्था होते, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये छापून आणले. सरकार त्यांच्याच धर्माच्या गोऱ्या साहेबांचे. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप नाकारले. तोवर हिंदू पुढारी त्यांना धर्मबुडवी म्हणत होतेच, आता सरकारही नाराज.

रमाबाईंवरचा प्रत्येक आक्षेप खोटा होता असे मी म्हणत नाही. शारदा सदनात धर्मप्रचार होणार नाही असे ठरले होते. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. दुष्काळात उपाशी आलेल्या बाईला मुक्ती सदनात किती निवड करता आली, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्यांनी त्या बायकांना आधी आपल्या दारात उभे केले होते का, हेही सांगावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. ख्रिस्ती वस्ती थोडी; खामगाव, मलकापूरकडे मिशनच्या काळापासूनच्या जुन्या मंडळ्या. मंडळी लहान, त्यामुळे सगळ्यांना सगळे ठाऊक. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई आधी पाळकांकडे जाते. तिला काय मिळते? बहुतेक वेळा उपदेश. क्षमा कर. प्रार्थना कर. आधीच आपण मूठभर, त्यात घरची लक्तरे बाहेर कशाला टांगायची?

या शेवटच्या वाक्यामागची भीती खरी आहे. अल्पसंख्याकांवर टपलेले लोक आहेत, आणि बाईच्या अश्रूंचा वापर ते मोहल्ला बदनाम करायला करतात. पण या भीतीचे भाडे दरवेळी बाईनेच का भरायचे? मंडळीची अब्रू तिच्या तुटलेल्या दातांवर उभी ठेवायची, आणि त्याला क्षमा म्हणायचे!

प्रार्थनेचेच घ्या. लूकच्या शुभवर्तमानात प्रार्थना कशी करावी हे सांगताना येशू दाखला देतो तो एका विधवेचा. ती अन्यायी न्यायाधीशाच्या दारात रोज जाते, त्याचे डोके उठवते, न्याय घेऊनच परतते. प्रार्थनेचा हा नमुना म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी बाई! आणि कबर रिकामी आहे ही बातमी आधी बायकांनी आणली, तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली. ज्या धर्माची पहिली साक्षच बायकांची, त्या धर्मात बाईच्या साक्षीला बडबड ठरवताना जीभ अडखळायला हवी होती.

कायद्याने तरी काय दिवे लावले होते? १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे. जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून दिल्यासारखे आणखी काही हवे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाहीच. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद मोडला, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. १३२ वर्षे! हा बदल आपोआप झाला नाही. श्रद्धा न सोडता कोर्टात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती बायकांनी तो घडवला, आणि चर्चच्या काही संस्थाही बाजूने उभ्या राहिल्या. म्हणजे जमते.

म्हणून पाळकांकडे मागणी सरळ आहे. लग्नाआधी जोडप्याला बसवून उपदेश करता, तिथेच २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वाचून दाखवा. तो सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. तडजोडीच्या बैठकीत निम्म्या बायका बसवा, आणि त्या पुरुष पंचांच्या बायका नकोत. मारणाऱ्याला मंडळीच्या पदावर ठेवू नका.

आणि आपल्या केंद्रांनीही ऐकावे. गळ्यात क्रूस घातलेली बाई तक्रार घेऊन आली, तर आधी तिचा धर्म कसा पितृसत्ताक आहे याचे बौद्धिक देऊ नका. अर्ज लिहा, संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जा. सही करण्याआधी तिला दोन मिनिटे डोळे मिटायचे असतील, तर थांबा.