तांबेरा बांध ओळखत नाही



पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि अंबड-घनसावंगीच्या शिवारात ऊस उभा राहिला. आपण पाण्याची पाळी मोजतो, खताची पोती मोजतो. पण उसाच्या पानाकडे बघतो कोण? "पानालाच झालंय ना, कांडी तर ठीक आहे," असे म्हणून आपण पुढे जातो. हीच चूक आहे. साखर पानातच तयार होते. पान करपले की कांडी बारीक राहते आणि काट्यावर वजन मार खाते.

पावसाळी ढगाळ हवा, रात्रीचा गारवा आणि दव मिळाले की तांबेरा वाढतो. पानाच्या खालच्या बाजूला आधी बारीक, लांबट पिवळे ठिपके दिसतात. मग ते तांबूस होऊन फुटतात. बोट फिरवा, विटकरीगत पूड लागेल. ते बुरशीचे बीजाणू. वारा ते वाहून नेतो. बांध कुणाचा हे तो विचारत नाही.

म्हणून युरिया माती परीक्षणानुसारच द्या, पालाश टाळू नका, सरीत पाणी साचू देऊ नका. लक्षण दिसताच 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम मॅन्कोझेब आणि चिकट द्रव्य मिसळून पानाच्या खालच्या बाजूने फवारा. 10 ते 15 दिवसांनी पुन्हा फवारा. ऊस डोक्याच्या वर गेला की पंप चालत नाही, तेव्हा उशीर नको.

पण माझे खरे म्हणणे वाणाबद्दल आहे. क्यूबा देशात 1979-80 साली मोठ्या क्षेत्रावर बी 4362 हा एकच वाण होता. तांबेरा आला आणि त्या देशाचे साखर उत्पादन कोसळले. आपल्याकडे पाडेगावच्या केंद्राने 1996 साली को 86032 दिला. त्याने आपल्याला तारले, हे मान्यच. तरी सगळे घर एकाच मेढीवर उभे करू नये. पाडेगावने फुले 265 दिला आहे. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेचेही वाण आहेत.

प्रत्येक गटात दोन-तीन वाणांचे बेणेमळे असावेत, अशी मागणी आपण वार्षिक सभेत करू या. कोणत्या जमिनीला कोणता वाण, हे शेती खात्याने सांगावे. आणि तोवर? उद्या सकाळी फडात जा अन् एक पान उलटं करून बघा.