कुरणावरची शाळा

काटोलच्या एका व्यापारी घराण्यातील मातेने या सदराकडे विचारणा केली आहे. कन्येची पदवी परीक्षा आटोपली असून केनियातील एका मसाई खेड्यात चार आठवडे स्वयंसेवी शिक्षिका म्हणून जाण्याचा तिने निश्चय केला आहे. वडिलांनी खर्चाचा आकडा विचारला, आजींनी जेवणाचे विचारले, आणि याला सेवाभाव म्हणावे की प्रवासाची हौस, हे मातेला उमगेनासे झाले आहे. तिन्ही शंका रास्त आहेत. आमचे उत्तर मात्र थोडे वळणाने येईल आणि ते काटोलच्या शिवारातून जाईल.

प्रथम मसाई कोण, हे पाहू. दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानियाच्या गवताळ प्रदेशात राहणारे हे गोपालक लोक. गाय हेच त्यांचे धन आणि हीच प्रतिष्ठा. त्यांची भाषा माआ. नैरोबी हे राजधानीचे नावही याच भाषेतील थंड पाण्याच्या अर्थाच्या शब्दांवरून आलेले आहे. मसाई मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की घराजवळ वासरे आणि शेळ्या-मेंढ्या राखू लागतो, जाणता झाला की गाई घेऊन दूर जातो. मुलीच्या वाट्याला पाणी, सरपण आणि धाकटी भावंडे येतात. पाऊस हुकला तर कळप कित्येक दिवसांच्या वाटेवर हलवावा लागतो. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांचे शुल्क रद्द केले, तरीही मसाई बापाला शाळा फुकट पडली नाही; मूल वर्गात बसले की कळपामागचा एक माणूस कमी होतो. हा हिशेब आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ज्या घरात मुलगा पुण्यास शिकावयास गेला की गल्ल्यावर कोण बसणार याची चर्चा होते, त्या घराला तो सहज कळतो. म्हणूनच अनेक मसाई कुटुंबांनी एक मूल शाळेत आणि एक कळपामागे, अशी वाटणी करून घेतली आहे.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. मसाईंचा पारंपरिक आहार दूध, मांस आणि प्रसंगी जनावराचे रक्त असा आहे. परंतु आज त्या भागात मक्याच्या पिठाचे उगाली, सोबत घेवडा आणि पालेभाजी हे रोजचे जेवण झाले आहे. शाकाहारी पाहुणी उपाशी राहणार नाही. कंदमुळे वर्ज्य असतील तर ते आधी कळवावे, म्हणजे यजमानास ऐनवेळी संकोच नको. हालार प्रांतातील आपले विसा ओसवाल बांधव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केनियात व्यापारास गेले. मोम्बासा आणि नैरोबी येथे देरासरे उभी आहेत, तेव्हा देश अगदीच परका नाही. खरा पेच ताटातला नाही. ज्यांच्या घरी बैल कापला जातो त्यांच्या अंगणात बसून, मनात नाक न मुरडता, त्यांच्या मुलास अक्षर शिकविता येईल काय? हे जमणार नसेल तर जाऊ नये. जमणार असेल तर पथ्य सांभाळूनही जाता येते.

वडिलांच्या प्रश्नाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. अशा प्रवासांची व्यवस्था करणारे मध्यस्थ स्वयंसेवकाकडून शुल्क घेतात. त्या शुल्कातील किती भाग गावच्या शाळेपर्यंत पोहोचतो, हे लेखी विचारावे. पेढीवर आपण जी सावधगिरी बाळगतो ती दानधर्मात सोडण्याचे कारण नाही. विनावेतन काम करावयाचे असले तरी केनियात त्यासाठी परवाना लागतो, पर्यटकाच्या परवान्यावर शिकविता येत नाही. मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाची चारित्र्य पडताळणी न मागणारी संस्था तर सरळ टाळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या शाळेत वर्षभर शिकविणारा स्थानिक शिक्षक आहे किंवा नाही? असेल, तर चार आठवड्यांची पाहुणी त्याच्या हाताखाली उपयोगी पडेल. नसेल, तर मुले दर महिन्याला नव्या ताईला माया लावतील, नव्या ताईकडून तीच मुळाक्षरे आणि तीच गाणी शिकतील, आणि विमानाच्या दिवशी रडतील.

पशू राखणाऱ्या मुलांना शिकवावे कसे, याचा एक नमुना आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले. गुजराती वाचणाऱ्या आपल्या घरांत गिजुभाईंचे नाव नवे नाही. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या स्त्रीने पुढील आयुष्य बोर्डी आणि डहाणूनजीकच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये घालविले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे बोर्डीस आल्यापासून सत्तेचाळीस वर्षे झाली. ताराबाईंस १९६२ मध्ये पद्मभूषण आणि पुढे अनुताईंस पद्मश्री मिळाली, परंतु येथे आपल्याला प्रयोजन आहे ते त्यांच्या एका साध्या निरीक्षणाशी.

बालवाडी उघडली, पण मुले येईनात. कारण शोधता असे दिसले की लहानग्यांना कोणी आणून सोडावयाचे, हाच प्रश्न आहे. तेव्हा शिक्षिका पाड्यातल्या अंगणात जाऊन बसू लागली आणि त्यातून अंगणवाडी झाली. हा शब्द पुढे देशभर गेला. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. थोडी मोठी मुले अंगणातही सापडत नसत, कारण ती गुरे घेऊन रानात गेलेली असत. मग शाळा कुरणावर गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. गुरे चरत आहेत, त्यांच्यावर नजर आहे, आणि झाडाखाली खडे, बिया, पाने यांच्यावर मोजणी चालली आहे. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती, म्हणून रानातल्या वस्तूंनाच साधने केले गेले. गुराख्याला शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळेने गुराख्याचे वेळापत्रक मान्य केले. आमच्या मते विसाव्या शतकातील मराठी शिक्षणविचारातील ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही.

येथे एक सावधगिरीची नोंद आवश्यक आहे. वारली मुलाची गुरे संध्याकाळी पाड्यात परत येत. ज्यांचे घरच कळपासोबत चालते त्यांच्याबाबतीत कुरणशाळा जशीच्या तशी उचलता येत नाही. अर्चना चोक्सी आणि कॅरोलिन डायर या दोन अभ्यासिकांनी १९९० च्या दशकात कच्छच्या रबारी पशुपालकांबरोबर फिरून साक्षरतेचे वर्ग चालविण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्ष वाटेवर त्यांना दिसले की तळ हलविणे, पाणी शोधणे, राखण करणे यांतून धड्यास वेळच उरत नाही. वडीलधाऱ्या रबारींनी तर स्पष्ट सांगितले की, चालता गुरुजी आम्हांस नको. मुलांना एका जागी ठेवून शिकविणारी, राहण्याची सोय असलेली शाळा हवी. मदत करावयास गेलेल्या विदुषींनी हे ऐकून घेतले आणि तसे लिहूनही ठेवले, हे आम्हांस विशेष वाटते.

आणि हे रबारी कोठे भेटतात? काटोलच्या बाजारपेठेतील कोणासही विचारावे. कच्छ-काठेवाडातले पशुपालक कित्येक पिढ्यांपासून विदर्भात येत आहेत. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटीत मेंढ्या शिरतात, शेतकरी लेंडीखतासाठी वावरात कळप बसवून घेतो, आणि संत्र्याच्या बगीच्यांपलीकडच्या पडीक जागेवर डेरा पडतो. उंटाच्या पाठीवर उलटी खाट, खाटेत भांडीकुंडी, नुकतेच जन्मलेले कोकरू आणि त्याच्या शेजारी मूल, हे दृश्य रस्त्याने जाताना आपण पाहतो आणि मोटार पुढे नेतो. त्या मुलाची भाषा कच्छी-गुजराती, आणि जवळची शाळा मराठी. वर्गात बसविले तरी गुरुजींचे त्याला कळत नाही आणि त्याचे गुरुजींना कळत नाही. मसाई मुलाची माआ आणि त्याच्या पुस्तकातील इंग्रजी यांच्यामध्ये जी दरी आहे, तीच ही दरी, केनियाऐवजी नागपूर जिल्ह्यात.

आता विचार करावा की या दरीवर घालावयाचा पूल कोणाच्या घरात तयार आहे. आपल्या समाजातील कित्येक घरांत आजी कच्छी बोलते, आई गुजराती वाचते आणि नात मराठी शाळेत शिकलेली असते. विदर्भात अशी तीन भाषांची घरे फारशी कोणाकडे नाहीत. केनियात ही नात एक परकी पाहुणी असेल. धुऱ्यापलीकडच्या डेऱ्यावर ती दुभाषी होऊ शकते.

मात्र येथेही ताटाचा प्रश्न सुटत नाही, उलट अधिक जवळ येतो. रबारी स्वतः बहुधा शाकाहारी, परंतु त्याचे नर कोकरू अखेरीस कोणत्या बाजारात जाते हे आपणास ठाऊक आहे. म्हणून अनेक घरे त्याच्यापासून अंतर राखतात. त्या अंतराने काय होते, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसले. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छच्या पाच पशुपालकांचे ५८ उंट अडविले. ते कत्तलीसाठी हैदराबादेस नेले जात आहेत, अशी एका प्राणिमित्राची तक्रार होती. पशुपालक म्हणत होते की उंट विदर्भातील आमच्याच नातलगांच्या डेऱ्यांसाठी आणले आहेत. उंट गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. उंट हा चालत चालत झाडपाला ओरबाडणारा प्राणी. गाईच्या गव्हाणीत त्याचे भागत नाही. अखेर न्यायालयाने ते पशुपालकांच्या स्वाधीन केले. तक्रारीमागील हेतू जीवदयेचा होता, याविषयी आम्ही शंका घेत नाही. पण उंट ज्याच्या घराचा आधार आहे त्याच्याशी दहा वर्षांची ओळख असलेला एखादा माणूस त्या दिवशी तेथे असता, तर बोलणे वेगळे झाले असते.

तेव्हा कन्येस आमचे उत्तर असे. मसाईंकडे अवश्य जावे, पण एक हंगाम डेऱ्यावर काढून. आधी आजींना सोबत घेऊन नुसते जावे, मुखियास भेटावे, तळ किती दिवस राहणार ते विचारावे. दुपारी मेंढ्या सावलीला बसतात, तो तास मागून घ्यावा. दूध काढण्याच्या वेळी शिकवणी करू नये. त्या मुलाला शंभर मेंढ्या चेहऱ्याने ओळखता येतात, म्हणून त्याला गणित मुळीच येत नाही असे समजू नये. अंक लिहिणे, मापाची आणि वजनाची पावती वाचणे, बसच्या पाट्या, स्वतःचे नाव: एवढे एका हंगामात होते.

वडिलांनी करण्यासारखे कामही आहे आणि ते धनादेशापेक्षा कठीण आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. डेऱ्यावरच्या बापाला हे ठाऊक नसते, आणि मुख्याध्यापकांसमोर तो उभाही राहत नाही. गावात पत असलेला व्यापारी त्याच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला, अडल्यास पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांस भेटला, तर गोष्ट अर्ध्या दिवसाची आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डाची तरतूद आहे. डेरा हलण्यापूर्वी त्याची चौकशी करावी, म्हणजे पुढच्या तळाच्या शाळेत ते दाखविता येईल. आणि एखाद्या कुटुंबाने मुलास वसतिगृहात ठेवावयाचे ठरविले, तर ते शोधून देणे आपल्या ओळखीपाळखीत सहज बसणारे आहे.

साहित्याविषयी एकच सूचना. वह्यांचे गठ्ठे नेऊन वाटप करू नये, छायाचित्रे तर नकोतच. डेऱ्यावर कागद दवाने भिजतो आणि उरला तर शेळी खाते. दगडी पाट्या आणि पेन्सिलींचा डबा न्यावा, आणि पाट्या ठेवावयाची पिशवी उंटाच्या खाटेला बांधता येईल अशी, लांब बंदांची शिवून न्यावी.